किनवट-माहूरच्या कलाकारांची नोंद: पाटीवर नाव कुणाचं?

गोदाकाठ
किनवट, माहूर आणि हिंगोलीतल्या कळमनुरी भागातल्या आजच्या आदिवासी कलाकारांचं एक प्रदर्शन नांदेडला भरवायचं आम्हा काही जणांच्या मनात आहे. गोंडांचा दंडारी-घुसाडी नाच, परधान गायकांचं किंगरी हे तंतुवाद्य, कोलामांचं बांबूकाम, शिवाय कागदावर-कॅनव्हासवर रंगवणारी नवी पोरं. नोंदीचा तक्ता करायला बसलो आणि पहिल्याच रकान्यावर आमच्यातच जुंपली. माझं म्हणणं असं की प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष, साहित्य आणि त्याला किती पैसे दिले, हे सगळं लिहायचं. नुसती 'पारंपरिक गोंड कला' अशी पाटी नको. चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मले म्हणून त्यांच्या चित्राखाली कुणी 'पंढरपूरची पारंपरिक कला' लिहीत नाही. बोला.

जुना_नांदेडकर
विरोध. नाव लावलं की बाजार सुरू होतो. वारलीचंच बघा. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा. मग कागद आला, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत पोचले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आनंदच आहे. पण चौक लिहिणाऱ्या बायांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? आणि दंडारीत तर अख्खं गाव नाचतं. मोरपिसांचा टोप चढवून अंगाला राख फासली की घुसाडी आमक्याचा पोरगा राहत नाही, लोक त्याच्या पाया पडतात. त्याच्या फोटोखाली आधार कार्डावरचं नाव छापणार?

गोदाकाठ
बायांची नावं राहिली हा नाव लिहिण्याचा दोष, की न लिहिणाऱ्यांचा? सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं, तर दंडारीतल्या सगळ्यांची यायला काय हरकत आहे? घुसाडीचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तो गावालाच विचारावा लागेल.

मुक्काम_इस्लापूर
मी परधान. आमचा आजा किंगरी वाजवायचा. तीन तारा, घोड्याच्या केसाचा गज. घरात आमी मराठीच बोलतो, पण गोंडांच्या कुळाची गाणी गोंडीतच गायची, अन् ती बी ज्या घरचे आमी परधान त्याच घरी. एकदा शहरातून एक साहेब आले. मोबाइल म्होरं धरून आज्याकडून सांजेपस्तोर गाऊन घेतलं, च्या पाजला अन् गेले. मंग ते यूट्यूबवर. खाली नाव साहेबाचं. आज्याला नावाचं कायबी नव्हतं. त्याचं डोकं कशानं फिरलं, तर ज्या कुळाचं गाणं त्यांना न इचारता ते भलत्यांनी ऐकलं म्हणून. तुमी नावाच्या रकान्यावर भांडायलेत. 'हे दाखवायचं नाही' असा रकाना हाय का तक्त्यात?

वकिलीण_बाई
त्या साहेबांना कुणीतरी कायदा दाखवायला हवा होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून गाणाऱ्या-नाचणाऱ्याचा स्वतःचा हक्क आहे. त्याला न विचारता रेकॉर्डिंग करून ते लोकांपुढं मांडता येत नाही. 2012 पासून नाव देणंही त्याच्या हक्कात आलं. अडचण अशी की कायदा ओळखतो एकेका कलाकाराला. कुळाची संमती ही गोष्ट त्यात बसत नाही. ती तुम्हाला करारनाम्यातच आणावी लागेल, आणि तो करारनामा सोप्या मराठीत हवा, शिवाय गोंडीत वाचूनही दाखवायला हवा.

पैनगंगेपलीकडचा
एवढ्या अटी घातल्या तर तुमचा तक्ता कोराच राहील आणि म्हातारी माणसं निघून जातील. किनवट 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हे नव्या पिढीला माहीतही नसेल. त्याच आदिलाबादेत 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ गोंडांमध्ये राहिले, फोटो काढले, चित्रफिती केल्या. संमतीपत्राचं नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. पण आज तेवढंच हाताशी आहे ना? आधी नोंद करा, भांडणं नंतर.

मुक्काम_इस्लापूर
हाताशी? ते लंडनच्या सोआस नावाच्या विद्यापीठ संस्थेत हाय. आमच्या पणज्याचा नाच बघाया आमी लंडनला जावं व्हय? प्रत गावात ठेवणार असाल तर सांगा, मंग आजच बसू.

हळदीचा_हात
सगळे देवावर आणि दंडारीवर भांडायलेत, 'आजचे कलाकार' शब्द वाचून मी आले होते. मी कळमनुरी भागातली, आंध या आदिवासी समाजाची. ॲक्रिलिकमध्ये रंगवते. माझ्या चित्रांत हळद शिजवायचा कुकर असतो, वाफेत तोंडाला पदर लावून उभ्या बाया असतात, नखात बसलेला पिवळा रंग असतो. एका प्रदर्शनासाठी चित्रं दाखवली तर म्हणाले, यात आदिवासी काय आहे? थोडे ठिपके मारून आणा. मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रांत असतात तसे! नांदेडला पण ठिपकेच मागणार असाल तर आत्ताच सांगा.

गोदाकाठ
नाही मागणार. आणि ताई, आज ज्याला सगळे 'गोंड शैली' म्हणतात ती मुळात एका माणसाच्या हातून निघाली. पाटणगढचा जनगढसिंह श्याम, तोही परधानच, भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला आणि तिथं ती घडली. शैलीला जमातीचं नाव मिळालं, त्याचं नाव बाजूला पडलं. म्हणून तर मी नावासाठी अडून बसलोय.

जुना_नांदेडकर
जनगढचं पुढचंही सांगा की. नाव झालं, जपानच्या एका संग्रहालयात कामाला नेलं आणि 2001 मध्ये तिथंच त्यानं आत्महत्या केली. नावापाठोपाठ काय काय येतं ते तक्त्यात मावत नाही. हळदीवाल्या ताईंचं नाव त्यांनी सांगितलं तर जरूर लावा, ते त्यांचं स्वतःचं काम आहे. दंडारीवर मी हटणार नाही.

वकिलीण_बाई
मग नाव लावायचं की नाही, हा निर्णय त्या-त्या माणसाचा आणि गावाचा ठेवा ना. तक्ता छापायच्या आधी आयोजकांनी ठरवायची गोष्टच नाही ही.

मुक्काम_इस्लापूर
बाईंचं पटलं. पण कागद घेऊन दिवाळीत येऊ नका, तवा दंडारी या गावावरून त्या गावाला फिरत असते, बोलाया कुणाला सवड नसती. आधी या. अन् कलाकाराला एसटीचं भाडं, बुडालेला रोज अन् दिवसाचं मानधन किती देणार, ते इथंच लिवा.