मदत हवी आहे: फ्लिकर बाकावर आणि कॉर्नर मैदानात!

मंडळी, हॉकीतल्या जाणत्यांना विचारतोय. चर्चगेटला आमच्या क्लबची मॅच बघायला हौसेने जातो आणि डोकं फिरवून घेऊन परतीची लोकल पकडतो. कोच सारखी पुढची फळी बदलतो. बदल्या कितीही करता येतात, मान्य. पण ड्रॅग फ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढत गोलात फेकणारा गडी, बाकावर पाणी पीत बसलेला आणि तेवढ्यात पेनल्टी कॉर्नर! तो पुरा होईपर्यंत बदलीही करता येत नाही. मग लेफ्ट हाफ कसाबसा फटका मारतो, बॉल थेट रशरच्या (कॉर्नर अडवायला गोलातून धावत येणाऱ्या बचावपटूच्या) पॅडवर.

15 मिनिटांच्या क्वार्टरमध्ये फ्लिकरला बाहेर नेमकं कधी काढावं? संघात दुसरा फ्लिकर नसेल तर? आणि जमलेल्या फॉरवर्ड जोड्या न मोडता रोटेशन कसं लावतात?

कोचला हे कसं सांगू, तेही सुचवा. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो तो.