धर्मादाय दवाखान्यांच्या जुन्या नोंदवह्या नावांसकट खुल्या कराव्यात का?

कृष्णाकाठ

मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये इकडे आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचं नाव दूरवर गेलं, आणि मिरज जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातूनही माणसं यायची. सांगली-मिरजेच्या मधली वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची. हे सगळं आपल्याकडे अनेकदा लिहून झालंय. पण हा डॉक्टरांचा इतिहास झाला. हे हॉस्पिटल काढणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची कागदपत्रं अमेरिकेत फिलाडेल्फियात जपून ठेवली आहेत, अभ्यासकांना ती मिळतात. रुग्णांचा इतिहास मात्र इथल्या वॉर्डांच्या नोंदवह्यांतच सापडणार, मग दवाखाना मिशनचा असो की एखाद्या संस्थानिकाने बांधलेला.

सोलापूरकडच्या एका धर्मादाय दवाखान्याची १९१८ ची वही मी पाहिली आहे. नाव, वय, जात, गाव, आजार, दाखल, परिणाम असे रकाने. ऑक्टोबरात आजाराच्या रकान्यात वर एकदा 'इन्फ्लुएंझा' लिहिलंय आणि खाली पानभर नुसत्या '" "' अशा खुणा. दोन पानांनंतर अक्षरच बदलतं. लिहिणारा कारकूनही आजारी पडला असावा.

माझं मत स्पष्ट आहे. ७५ वर्षांहून जुन्या सगळ्या वह्या स्कॅन करून नेटवर टाकाव्यात, नावांसकट. नावं काढलीत की ती माणसं पुन्हा नुसता आकडा होतात.

निवृत्त सिस्टर

नावांसकट अजिबात नको. मी कुष्ठरोग विभागात नोकरी केली आहे. बरा होऊन घरी गेलेला माणूस तीन पिढ्यांनंतरही 'त्या घरातला' राहतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होतं, हे विसरू नका. ७५ वर्षं म्हणता, म्हणजे १९५० पर्यंतच्या वह्या. त्या रुग्णांची मुलं आज हयात आहेत, नातवंडांची लग्नं ठरताहेत. लग्नाआधी बाळंत झालेल्या मुलीही अशाच दवाखान्यांत यायच्या. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं नाव वाटून टाकायचा हक्क कुणालाच नाही.

कृष्णाकाठ

सिस्टर, मुदत वाढवायला माझी ना नाही. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या नोंदी साधारण १०० वर्षं बंद ठेवतात, आपणही ठेवू. तिथली जिल्ह्याच्या गावांतली धर्मादाय रुग्णालयं १७३६ च्या विंचेस्टरपासूनची, वर्गणीवर चालणारी. बहुतेक ठिकाणी वर्गणीदाराची चिठ्ठी असल्याशिवाय गरिबाला भरती करून घेत नसत. कुणाची चिठ्ठी कुणाला मिळाली, हे नावं असल्याशिवाय कळेल का?

दप्तरखाना

तुम्ही दोघं वह्या शाबूत आहेत असं धरून बोलताय. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं ठेवली की डॉक्टरची जबाबदारी संपते. त्यामुळे रंगरंगोटी निघाली की ट्रस्टी रद्दीवाल्याला बोलावतात. माझ्या माहितीतल्या एका दवाखान्याच्या स्वातंत्र्यापूर्वीच्या वह्या अशाच टेम्पोत भरून गेल्या, आणि उरलेल्यांना वाळवी होती. आधी वह्या उचला, स्कॅन करा आणि एक प्रत कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात ठेवा. खुलं काय करायचं ते पुढची पिढी ठरवेल.

निवृत्त सिस्टर

हे पटलं. स्कॅन करा, पण वाचायचं ते तिथे बसून, अर्ज करून. घरच्या माणसाला आपल्या आजी-आजोबांची नोंद जरूर दाखवावी. नाव टाकलं की आजार समोर, अशी सोय कुणालाही नको. त्यात जातीचा रकाना आहे तो वेगळाच.

कृष्णाकाठ

जतच्या शेतमजुराने पणजोबांची एक ओळ बघायला रोजगार बुडवून कोल्हापूर गाठायचं? मग त्या वह्या पुन्हा प्राध्यापकांपुरत्याच उरतील. ज्यांच्या घामावर आणि आजारपणावर हे दवाखाने मोठे झाले, त्यांच्याच घरी त्या पोचणार नाहीत. अगदीच हट्ट असेल तर नाव झाका, पण गाव, वय, आजार, तारीख तरी आज खुली करा.

निवृत्त सिस्टर

पन्नास उंबऱ्यांचं गाव, बाई, वय २२, महारोग, १९३१. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, घर दाखवतील. नाव लागतच नाही.