मदत हवी आहे: कोळंबी आणि भाज्यांच्या स्टर फ्रायला पाणी सुटतं, उद्या पाहुणे आहेत

निशिगंधा_२२

प्लीज लवकर सांगा. उद्या रात्री मैत्रिणी जेवायला येतायत, आखाड संपत आलाय आणि त्यातल्या दोघी श्रावण पाळतात म्हणून पुढे ढकलता येत नाही. झटपट होईल म्हणून कोळंबी आणि भाज्यांचं स्टर फ्राय करायचं ठरवलं, पण जेव्हा करते तेव्हा कढईत सगळं पाणी पाणी होतं, भाज्या उकडल्यासारख्या मऊ पडतात, आणि ते पाणी आटेपर्यंत कोळंबी इतकी चिवट होते की चावून जबडा दुखतो. सॉस नंतर घातला तरी तळाला नुसता सोया सॉसचा रस्सा. व्हिडिओमध्ये तर दोन मिनिटांत होतं सगळ्यांचं. नक्की काय करू?

अलिबागकर

कोळंबी ताजी की फ्रोजन? हे आधी सांगा, त्यावर सगळं आहे.

सुलभाताई

अगं सोप्पं आहे. कोळंबी स्वच्छ धुवायची, हळद मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवायची. तिला जे पाणी सुटतं ते टाकून द्यायचं. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, वास पण जातो. मग लसणाच्या फोडणीवर परतली की झालं.

उष्णतावाला

किती कोळंबी, किती भाज्या, कुठली कढई, गॅस का इंडक्शन? नुसतं पाणी सुटतं म्हणून कसं कळणार.

निशिगंधा_२२

फ्रोजनच, पावसात ताजी कुठून आणू. सोललेली, अर्ध्या किलोचं पाकीट. भाज्या नेहमीच्याच.

उष्णतावाला

नेहमीच्या म्हणजे कुठल्या? आणि गॅस का इंडक्शन ते राहिलंच.

निशिगंधा_२२

ढोबळी मिरची, गाजर, फरसबी, मश्रूम, थोडा कोबी, पातीचा कांदा. इंडक्शन आहे, या सोसायटीत पाइप गॅस अजून आला नाहीये आणि मी सिलिंडर घेतला नाही. नॉनस्टिकची कढई. मीठ सुरुवातीलाच घालते म्हणजे भाज्यांना नीट लागतं.

उष्णतावाला

मग आता सगळं चित्र स्पष्ट झालं. हिशोब करून सांगतो म्हणजे पटेल. पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. इंडक्शन १२०० वॅटवर असेल आणि सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात गेली असं धरलं तरी मिनिटाला फार तर ३० ग्रॅम पाणी उडतं. २००० वॅटवर ५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कढईत अर्धा कप पाणी साठलं तर ते आटायला १२०० वर चार मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच, आणि कोळंबीला लागतात सगळी मिळून दोन ते तीन. मश्रूम आणि कोबी दोन्ही पाण्याने भरलेले, त्यात मीठ आधी घातलं की ते पाणी लगेच बाहेर. तुमच्या हाताचा काही दोष नाही, एवढं सगळं एका वेळी त्या शेगडीवर परतलं जाणंच शक्य नाही. हॉटेलातल्या भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते म्हणून त्यांचं दोन मिनिटांत होतं.

उपाय: तीन हप्त्यांत करा. कोळंबी वेगळी, मश्रूम वेगळे, बाकी भाज्या वेगळ्या. शेवटी एकत्र. मीठ शेवटी.

मिरचीचा_ठेचा

इंडक्शन हाच प्रॉब्लेम आहे. सिलिंडर घ्या आणि लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिकवर स्टर फ्राय होतच नाही, आचेचा जोर सहनच होत नाही तिला.

उष्णतावाला

असं नाही ठेचा. इंडक्शनची आच थेट भांड्यात तयार होते, गॅसची अर्धीअधिक बाजूने हवेत जाते. बूड सपाट असलं पाहिजे एवढंच, गोल बुडाची कढई काचेला मध्यभागी जेमतेम टेकते. सपाट बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा असेल तर उत्तम. आणि निशिगंधा, तुम्ही 'फ्राय' वगैरे लिहिलेलं बटण दाबत असाल तर ते दाबू नका, त्यात बऱ्याच शेगड्या स्वतःहून तापमान धरून ठेवतात आणि मधेच पॉवर कमी करतात. हाताने पॉवर वाढवायचा मोड घ्या. नॉनस्टिकबद्दल ठेचाचं एक म्हणणं बरोबर आहे, ती रिकामी फुल आचेवर तापवू नका, साधारण २६० डिग्रीच्या वर तो थर खराब व्हायला लागतो आणि इंडक्शनवर रिकामं भांडं फार पटकन तिथपर्यंत जातं.

मिरचीचा_ठेचा

म्हणजे शेवटी लोखंडच ना. मी तेच म्हणत होतो.

विक्रांत_सिंगापूर

कोळंबीबद्दल लिहितो, इकडे हा रोजचा पदार्थ आहे. फ्रोजन कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, फ्रीजरमध्ये सुकू नये म्हणून. तो कढईत वितळला की पाणी. दुसरं, पाकिटाच्या मागे घटक वाचा, आयएनएस ४५१ किंवा ४५२ (खाण्यात घालतात त्या पदार्थांचे क्रमांक असतात हे) दिसलं तर ती फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली आहे, अशी कोळंबी पाणी धरून ठेवते आणि तापली की सोडते. शक्य असेल तर घटकांत फक्त कोळंबी, फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं पाकीट घ्या.

आता कृती. पाकीट न फोडता थंड पाण्याच्या भांड्यात बुडवून अर्धा तास ठेवा, किंवा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गरम पाणी नाही, मायक्रोवेव्ह नाही, कडा शिजून जातात. मग चाळणीत निथळा आणि स्वच्छ कापडात गुंडाळून दाबून कोरडी करा, हाताला ओल लागता कामा नये. अर्धा किलोला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, छोटा चमचा म्हणतोय मी, चोळून फ्रीजमध्ये २० मिनिटं. पुन्हा एकदा टिपा, मग एक चमचा कॉर्नफ्लॉवर आणि एक चमचा तेल लावा.

सोड्याने तिचा आम्लपणा कमी होतो आणि त्यामुळे शिजताना ती आक्रसत नाही, दाताखाली करकरीत लागते. कॉर्नफ्लॉवरचा थर पाणी आत धरतो आणि सॉस वर चिकटतो.

सुलभाताई

कोळंबीला सोडा? भजीत घालतात तो? नको गं बाई. तोंडाला साबणासारखी चव येईल. लिंबू हळदच बरं.

विक्रांत_सिंगापूर

ताई, पाव चमच्याने चव येत नाही, जास्त झाला तर येते हे खरं. पण लिंबू अर्धा तास लावून ठेवलं तर आंबटपणानेच कोळंबी बाहेरून शिजायला लागते, पांढरी पडते, आणि मग आचेवर अजून घट्ट. कालवणात चालतं कारण तिथे रस असतो. इथे लिंबू नको, हवंच तर ताटात.

सुलभाताई

आमच्या घरी कुणाला कधी चिवट लागली नाही हो.

अलिबागकर

सुलभाताईंचं पण खरं आहे आणि विक्रांतचं पण. ताई, तुम्ही बाजारातून सकाळी आणलेली ताजी करत असणार, तिला ना सोडा लागतो ना काही, हळद मीठ पुरतं. फ्रोजनची गोष्ट वेगळी.

आणि निशिगंधा, पावसात ताजी मिळतच नाही असं नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना ६१ दिवस बंदी असते कारण तो माशांच्या विणीचा काळ, पण बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे, आणि खाडीतली, तळ्यातली कोळंबी येत असते. शिवाय व्हनामी जातीची कोळंबी बारा महिने येते, ती शेतीची, जास्त करून आंध्रातून. पुण्यात असाल तर गणेश पेठेत मासळी बाजार आहे, तिथे सकाळी लवकर जा. घेताना डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, साल चकचकीत, वास समुद्राचा. डोकं लोंबत असेल, काळं पडलं असेल किंवा नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर कितीही स्वस्त देऊ देत, घेऊ नका.

मिरचीचा_ठेचा

व्हनामीला चवच नसते. आपल्या खाडीच्या कोळंबीची सर नाही. ती २००९ नंतर आपल्याकडे आली आणि सगळीकडे तीच झाली.

अलिबागकर

चव कमी हे मान्य, पण स्टर फ्रायमध्ये लसूण, आलं, सोया सॉस असताना व्हनामी पुरते. खाडीची मिळाली तर तिचं कालवण करा, ती सोया सॉसमध्ये घालणं मला तरी पटत नाही. आणि व्हनामीने आमच्याकडच्या कित्येकांना बंदीच्या दिवसांत विकायला माल दिला हेही लिहिलं पाहिजे.

मृदुला_शाकाहारी

यात कोळंबीऐवजी पनीर घातलं तर चालेल का? पनीर पण कधी कधी चिवट होतं.

सुलभाताई

चालेल ना. पनीर कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव मृदुला. निशिगंधा, मला विचारशील तर पाहुण्यांना सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची खिचडी कर. सोडे धुऊन भिजव, कांदा गरम मसाला ओलं खोबरं, एका भांड्यात होते, पाणी सुटायची भीती नाही, पावसात तर काय लागते. मी सगळं प्रमाण लिहून देते हवं तर.

निशिगंधा_२२

ताई थँक्यू पण सोडे घरात नाहीत आणि मैत्रिणींना स्टर फ्राय सांगून झालंय. आत्ता पाकीट बघितलं, मागे आयएनएस ४५१ लिहिलंय. आता? दुसरं आणायला वेळ नाही.

विक्रांत_सिंगापूर

हरकत नाही, तेच वापरा. निथळायला जास्त वेळ द्या आणि दोनदा टिपा. मग सगळ्यात महत्त्वाचं, कोळंबी दोन हप्त्यांत टाका, एकावर एक नाही, प्रत्येक तुकडा तळाला टेकला पाहिजे. टाकल्यावर ४० सेकंद हलवूच नका. उलटा, अजून तेवढंच. इंग्रजी सी सारखी वळली आणि पारदर्शकपणा गेला की लगेच ताटलीत काढा. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. ताटलीत ती स्वतःच्या उष्णतेनेच उरलीसुरली शिजते, शेवटी सॉसमध्ये फक्त अर्धा मिनिट परत टाकायची. आणि काळा दोरा काढलाय का बघा, पाकिटावर लिहिलेलं असलं तरी राहून जातो, तोंडात कचकच येते.

जुईली

मधेच बोलते पण महत्त्वाचं आहे. येणाऱ्यांपैकी कुणाला कोळंबीची अॅलर्जी नाही ना हे आजच विचारा. त्यातलं प्रोटीन शिजवून नष्ट होत नाही, म्हणजे नीट शिजवली की चालते असं नसतं. माझ्या भावाला आहे, त्याच कढईतली भाजी खाल्ली तरी त्याचे ओठ सुजतात. एखादीला असेल तर तिची भाजी आधी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने काढा.

निशिगंधा_२२

विचारते. सॉसचं कुणीच सांगितलं नाही. तो रस्साच होतो माझा. आणि भाज्या कुठल्या आधी?

उष्णतावाला

भाज्या: गाजर आणि फरसबी आधी, दोन मिनिटांनी ढोबळी मिरची, पातीचा पांढरा भाग लसूण आल्याबरोबर, हिरवा भाग गॅस बंद... म्हणजे शेगडी बंद केल्यावर. कोबी गाळाच, चव फार वाढत नाही आणि पाणी मात्र सोडतो. मश्रूम धुतले असतील तर पुसून, वेगळे, मीठ न घालता, कडा लाल होईपर्यंत. झाकण कशालाच ठेवू नका.

विक्रांत_सिंगापूर

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा, शेगडीपाशी बाटल्या उघडत बसलात की तेवढ्यात कोळंबी जाते. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, मिरपूड, तीन मोठे चमचे पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर. ओतायच्या आधी ढवळा, पीठ तळाला बसतं. कढईच्या कडेने ओता, बुडबुडे येऊन चकाकी आली की झालं. मीठ चाखून मगच, सोया सॉस आणि कोळंबी दोन्हीत आधीच आहे.

मिरचीचा_ठेचा

आणि दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. त्याशिवाय आपल्या तोंडाला काही लागत नाही.

मृदुला_शाकाहारी

पनीरला पण सोडा लावायचा का?

विक्रांत_सिंगापूर

नाही. पनीरला फक्त कॉर्नफ्लॉवर.

निशिगंधा_२२

आत्ताच अर्धं पाकीट करून बघितलं, म्हणजे उद्या धांदल नको. थंड पाण्यात बुडवून, टिपून, सोडा लावून, सपाट बुडाचा बिडाचा डोशाचा तवा वापरला, हाताच्या मोडवर २००० ला. पहिला हप्ता अजिबात पाणी नाही! कोळंबी एकदम करकरीत, नवरा उभ्या उभ्याच अर्धी संपवतोय. मश्रूम पण लाल झाले. सोड्याची चव बिलकुल नाही सुलभाताई, खरंच. सॉस चिकटला सगळीकडे. फक्त फरसबी कच्ची राहिली, आणि ती शिजेपर्यंत ठेवावं तर ढोबळी मिरची मऊ पडते. आणि मैत्रिणींना विचारलं, एकीला कोळंबी चालत नाही म्हणाली, तिचं मश्रूम आणि भाज्यांचं आधी करणार. थँक्यू जुईली.

सुलभाताई

फरसबी बारीक तिरकी चिर, उकळत्या मिठाच्या पाण्यात दीड मिनिट टाक, लगेच गार पाण्यात, आणि चाळणीत निथळत ठेव. उद्या सकाळीच करून ठेवलीस तरी चालेल. पण तव्यावर टाकायच्या आधी कापडाने टिपायला विसरू नकोस, नाहीतर परत पाणी.

विक्रांत_सिंगापूर

ताई बरोबर बोलल्या. गाजर पण त्याच पाण्यात अर्धा मिनिट टाका. आणि उरलेलं अर्धं पाकीट आज वितळवलं असेल तर परत फ्रीजरमध्ये टाकू नका, खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, उद्यापर्यंत चांगलं राहतं.