मदत हवी आहे: आण्णांसाठी खिशात मावणारा प्लेअर

मंडळी, रात्रीची लाईट असली की आमचे आण्णा शेतात पाणी द्यायला जातात. मोबाईलवर भजनं लावली की पहाटेपर्यंत बॅटरी संपते आणि मग फोनच लागत नाही. म्हणून मेमरी कार्डाचा छोटा प्लेअर घ्यावा म्हणतो.

परभणीत एक पाहिला. स्क्रीन नाही, पण बटणं ठळक. हाताला चिखल असला तरी अंधारात चाचपून दाबता येतील. आत बीएल-५सी (जुन्या साध्या नोकिया फोनमधली) बॅटरी आहे, ती बदलता येते, हे मला फार आवडलं. ६४ जीबीचं कार्ड मात्र त्यानं वाचलंच नाही, ३२ चं लगेच वाचलं. तेवढं पुष्कळ झालं म्हणा, १२८ केबीपीएस दर्जाची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबीच घेते. एफएमला हेडफोनची वायर लावावीच लागते, तीच अँटेना.

खरी अडचण वेगळीच. भाच्याकडे तसलाच आहे, त्यात गाणी कॉपी केलेल्या क्रमानं वाजतात. नावाआधी ०१, ०२ लिहूनही फरक नाही. आण्णांना काकड्याच्या मधेच भारूड लागलेलं चालत नाही!

यावर काही तोडगा? आणि बंद केल्यावर जिथं थांबलं तिथूनच पुन्हा सुरू होणारा प्लेअर कोणी वापरलाय का? बजेट हजाराच्या आत.