मदत हवी आहे: लॅपटॉपच्या कुठल्या पोर्टला काय लावायचं?

राम राम मंडळी, मी अमळनेर तालुक्यातला. पुतण्याने त्याचा वापरलेला लॅपटॉप मला दिलाय, चालतो चांगला, पण बाजूला जी छिद्रं आहेत त्यातलं कुठलं कशासाठी हे एकदा नीट समजून घ्यायचंय. कारण श्रावण जवळ आलाय आणि आमच्या मोठ्या आईची कानबाईची (आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी) गाणी रेकॉर्ड करायचीत. तिला येतात तेवढी अहिराणी गाणी गल्लीत आता कुणालाच येत नाहीत, सुनांना निम्मी-अर्धी, नातींना तर एखाद-दुसरी, म्हणून यंदा हे काम करायचंच असं घरात ठरलंय. नंतर जि.प. शाळेतल्या प्रोजेक्टरवर सगळ्यांना व्हिडिओ दाखवू, गुरुजी हो म्हणालेत.

तर डाव्या बाजूला चार्जरचं गोल छिद्र, मग एचडीएमआय, आतून निळं असलेलं एक यूएसबी आणि एक टाइप-सी, त्याच्याजवळ बारीक अक्षरात एसएस असं कोरलंय. उजवीकडे काळं यूएसबी, हेडफोनचं एकच छिद्र, कॅमेऱ्याच्या कार्डाची फट आणि कुलपाचं चित्र असलेली एक छोटी खाच.

विचारायचं असं की कॉलरचा माईक कुठे लावायचा, माईकचं वेगळं छिद्र तर दिसत नाही. शाळेचा प्रोजेक्टर जुना आहे, त्याला निळ्या प्लगची जाड केबल येते, दोन्ही बाजूंनी स्क्रू असलेली, ती कशी जोडायची? आणि टाइप-सीला मोबाईलचा चार्जर लावला तर लॅपटॉप चार्ज होईल का? दुकानात विचारलं तर सरळ नवाच लॅपटॉप दाखवायला लागले. कृपया समजेल असं सांगा.

प्रतिसाद, भुसावळहून:
भाऊ, नवीन काही घेऊ नका, कामापुरतं सगळं आहे यात. आधी माईकचं बघा. हेडफोनचं एकच छिद्र असलं की बहुतेक ते दोन्हीचं असतं, आवाज बाहेर पण आणि माईक आत पण. आता माईकची पिन उजेडात धरा आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असल्या तर तो मोबाईलसाठीचा माईक, सरळ लावा, चालायला पाहिजे. दोन असल्या तर लॅपटॉप त्याला हेडफोन समजतो आणि आवाज आत घेतच नाही, मग स्प्लिटर लागतो, ज्यात हेडफोन आणि माईकची दोन वेगळी तोंडं असतात.

प्रोजेक्टरची ती केबल व्हीजीएची, 15 पिनांची, 1987 सालापासूनची पद्धत. ती ॲनालॉग आणि एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे नुसती दोन टोकांची साधी वायर घेऊन भागत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. घेताना एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा मागा, उलट्या दिशेचा पण मिळतो आणि दिसायला सारखाच, तो आपल्या कामाचा नाही. आणि व्हीजीएतून आवाज जात नाही हे लक्षात ठेवा, गाणी ऐकवायचीत तर स्पीकर लॅपटॉपच्याच हेडफोनच्या छिद्राला लावा. जोडल्यावर पडदा काळा राहिला तर विंडोजचं बटण आणि पी सोबत दाबून डुप्लिकेट निवडा.

प्रतिसाद, शिरपूरहून:
टाइप-सीबद्दल मी सांगतो, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. टाइप-सी हा फक्त छिद्राचा आकार, आतून काय काय चालतं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. नुसतं एसएस म्हणजे वेगवान डेटा, सेकंदाला 5 गिगाबिट (जीबीपीएस), काळ्या यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिटच (एमबीपीएस), म्हणजे दहापट कमी. बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असेल तर चार्जिंग, डी आणि पी एकत्र काढलेली खूण असेल तर डिस्प्ले, बाण असलेली वीज म्हणजे थंडरबोल्ट, याहून वेगवान जोडणी. तुमच्याकडे गोल छिद्राचा चार्जर आहे, तर तोच वापरा. खूण नसूनही काही मॉडेलमध्ये चार्जिंग असतं, पण अंदाजाने टाइप-सीचा हब (एका छिद्राची अनेक छिद्रं करणारा डबा) घेऊ नका, लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून टाइप-सीपुढे पॉवर डिलिव्हरी (म्हणजे त्यातून चार्जिंगची सोय) लिहिलंय का ते बघा. व्हिडिओ पेनड्राइव्हवर नाहीतर बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे तर निळं छिद्र वापरा, माउस काळ्यात ठेवा. कुलपाची खाच साखळी अडकवायला असते, तिच्यात वीज-बीज काही नाही.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. रेघा बघितल्या, दोनच आहेत, म्हणजे स्प्लिटर आणि कन्व्हर्टर दोन्ही आणतो जळगावहून. अजून एक, पोरं विचारताहेत की डिशचा बॉक्स त्या एचडीएमआयला लावून लॅपटॉपवर टीव्ही दिसेल का?

प्रतिसाद, भुसावळहून:
नाही दिसणार भाऊ. लॅपटॉपचं एचडीएमआय बहुतेक सगळ्यांत बाहेर पाठवण्यासाठीच असतं, आत घेत नाही. टीव्हीचं उलट असतं. आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मोठ्या आईच्या आवाजाचा एक मिनिटाचा नमुना घेऊन ऐका, सेटिंगमध्ये इनपुटला बाहेरचाच माईक निवडलाय ना ते तपासा, नाहीतर लॅपटॉप आतल्या माईकने पंख्याचा आवाजच जास्त भरतो.