अनुभव धागा : थंडीत रानात जाताना सॅकमध्ये काय भरलंत?

पुणे

रविवारी माळ्यावरून सॅक खाली काढली. तळाशी घडीचं फावडं निघालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ७८० ग्रॅम. चार ट्रेक फिरून आलंय, मातीला एकदाही लागलेलं नाही. आणि ज्या ट्रेकला ते पाठीवर होतं, त्याच ट्रेकला बूट ठेवायला साधी प्लास्टिकची पिशवी माझ्याकडे नव्हती.

उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पायथ्याच्या सांक्री गावाहून निघून पहिला मुक्काम जुडा का तालाबला. झाडीतून चढताना बुटांवर बर्फ साचत होता, पायाच्या उबेने विरघळत होता. संध्याकाळी बूट ओले. मी ते शिस्तीत तंबूच्या पडवीत काढून ठेवले, घरी दाराबाहेर चपला ठेवतो तसे. सकाळी बुटांचं लाकूड झालं होतं. नाड्या सळईसारख्या ताठ उभ्या. पाय आत जाईना. जेवणाच्या तंबूत बूट पोटाशी धरून बसलो, पाऊण तास गेला, सगळा गट माझ्यासाठी ताटकळला. आमचा गाइड तिथलाच पोरगा. त्याने एवढंच विचारलं, "जूते अंदर नहीं लिये, सर?"

तेव्हापासून बूट पिशवीत आणि पिशवी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. वास येतो. येऊ दे.

तर थंडीत रानात गेलेल्या सगळ्यांनी लिहा. याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. काय नेलं ते कामाला आलं, काय उगाच वाहिलं आणि काय नसल्यामुळे रात्र कुडकुडत काढली, तेवढंच सांगा. सह्याद्री, विदर्भ, हिमालय, परदेश, सगळं चालेल.

डोंबिवली

"सह्याद्रीत कसली आलीये थंडी" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून लिहितेय.

हरिश्चंद्रगड, जानेवारी. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे. अंगात जीन्स आणि कॉलेजचा सुती हुडी. चढताना घामाने हुडी पिळून काढावा इतका भिजला. सूर्यास्ताला कोकणकड्यावर जाऊन बसलो. खालून वर येणारा वारा तुम्हाला माहीत आहेच. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. बदलायला दुसरा होता तोही सुती, आणि तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीशेजारी, बाटली गळकी. वर बघायला गेलं तर तापमान काही शून्याखाली नव्हतं, ८-९ अंश असेल. मला थंडीने मारलं नाही, घामाने मारलं. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि ते वाळवायला आपल्याच अंगाची ऊब खर्च होते. हे शाळेत शिकलेलं, पण कड्यावर कळलं.

आता चढताना एक पातळ सिंथेटिक टीशर्ट, थांबलं की लगेच वरून विंडचिटर. आणि झोपायचे कपडे वेगळे: एक जोड लोकरी मोजे, थर्मल, कानटोपी. हे दुधाच्या किंवा ब्रेडच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी. तंबूत शिरेपर्यंत त्या गाठीला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. सकाळी पुन्हा ते ओलसर कपडेच चढवायचे. पहिली दोन मिनिटं शिव्या निघतात, मग चालायला लागलं की ते अंगावरच वाळतात.

आणि तंबूचं वरचं कापड पहाटे दवाने चिंब असतं. उठताना डोकं लावू नका.

कल्याण

ताई, ब्रेडच्या पिशव्या पायातही चालतात. कोरडा मोजा, त्यावर पिशवी, मग ओला बूट. चालताना चरचर आवाज येतो, पण मोजा कोरडा राहतो. निदान तासभर.

नागपूर

आमच्याकडे ट्रेक कमी, सफारी जास्त. बाहेरून येणारे पाहुणे समजतात की विदर्भ म्हणजे ऊन. अहो, २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. आता त्यात उघड्या जिप्सीतला वारा मिळवा. ताडोब्याच्या गेटवर पहाटे रांगेत उभे असतो तेव्हा लोकांच्या अंगावर ऑफिसचं स्वेटर असतं. पुढचे दोन तास ते वाघ शोधत नाहीत, ऊन शोधतात.

माझा अनुभव जॅकेटचा. भावाने पुण्याहून भारीतलं, फुगीर, केशरी जॅकेट आणलं. गरम एक नंबर. पण हात हलवला की सर्र, मान वळवली की सर्र. एका पाणवठ्यावर चितळाचा कॉल (वाघाची चाहूल लागली की देतात ती हाक) सुरू झाला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, सगळे श्वास रोखून बसले आणि मी खिशातून रुमाल काढला. मागच्या सीटवरच्या काकूंनी जे पाहिलं माझ्याकडे! तेव्हापासून बाहेरचा थर आवाज न करणाऱ्या मऊ कापडाचा, खाकी किंवा मातकट हिरवा. आत भरा काय भरायचं ते.

दुसरी गोष्ट, साडेनऊ वाजले की ऊन चटके देतं आणि अंगावरचे चार थर निघतात. ते ठेवायचे कुठे? जिप्सीत खाली टाकले की लाल धुळीने माखतात. मी उशीचा अभ्रा नेतो. सगळं त्यात कोंबायचं आणि कॅमेरा टेकवायला तीच उशी. परत रूमवर गेल्यावर मात्र कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका, थंड काचेवर आतल्या उबेने वाफ धरते. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

नाशिक (ट्रेक लीडर)

लोक कपड्यांवर वीस हजार घालवतात आणि चुलीचा विचार करत नाहीत. स्वतःचं जेवण स्वतः करणार असाल तर हे वाचा.

छोट्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे स्टोव्हला जोडायच्या गॅसच्या डब्यात, बहुतेक वेळा ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याखाली ते द्रवच राहतं, वायू होऊन नळीत येतच नाही. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणजे स्वस्तातलं नुसतं ब्युटेनचं कॅनिस्टर बर्फात नेलं तर हलवून बघता भरलेलं लागतं आणि ज्योत मात्र काजव्याएवढी. आमचं एकदा असंच झालं. सहा माणसांसाठी बर्फ वितळवत बसलो होतो, पाऊण तासात कोमट पाणीसुद्धा नाही. शेवटी एकाने दुसरं कॅनिस्टर जॅकेटच्या आत काखेत धरून आणलं आणि ते लगेच भणभणलं. आता रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत झोपतं. चहाच्या वेळी ते कोमट पाण्याच्या ताटलीत उभं करतो. कोमट म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतपत, गरम अजिबात नाही.

साध्या लायटरमध्येही ब्युटेनच असतं, तोही रुसतो. तो खिशात, आणि जोडीला काड्यापेटी दोन पिशव्यांत गुंडाळून. बर्फ वितळवताना भांड्यात आधी घोटभर पाणी टाका, नाही तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. कॅनिस्टर विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही. तिकडे पोचूनच घ्यायचं.

आणि एक ओरडून सांगायचंय. तंबूच्या आत शेगडी, स्टोव्ह, कोळसे काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी वाजतेय म्हणून झिप लावून आत निखारे घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती शिकलेली माणसं होती.

मिनियापोलिस (मूळ नगर)

इकडे मिनेसोटाच्या उत्तरेला कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्स नावाचं राखीव रान आहे. दहा लाख एकरांहून मोठं, हजाराच्या वर तळी. उन्हाळ्यात लोक होड्या घेऊन जातात, हिवाळ्यात तीच तळी गोठतात आणि त्यांवरून चालत जायचं. सामान पाठीवर नाही, कमरेला दोर बांधून छोट्या घसरगाडीवर ओढायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आपण बैल झालो.

माझी चूक झोपण्याची. स्लीपिंग बॅग महागातली घेतली आणि खाली अंथरायला एक पातळ, हवा भरायची मॅट. रात्री उणे २६. वरून मी गरम आणि पाठ बर्फाची. बॅगेत ऊब धरते ती पिसांमधली हवा, आणि आपण ज्यावर झोपतो तिथली पिसं दबून चपटी होतात, हवा उरतच नाही. खालची थंडी फक्त मॅट अडवते. आता खाली साधी फोमची, तिच्यावर हवेची, अशा दोन. मॅट थंडी किती अडवते ते सांगणारा आर-व्हॅल्यू म्हणून आकडा तिच्यावर असतो, दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्या आकड्यांची सरळ बेरीज होते. पैसे कमी असतील तर बॅग भाड्याने घ्या, मॅट चांगली घ्या.

आकड्यावरून आठवलं. पुण्याच्या मावसभावाने इथून एकाकडून बॅग मागवली, '२० डिग्री' लिहिलेली. आली तेव्हा म्हणाला, "अरे, २० डिग्रीला बॅग कशाला, चादर पुरते!" ते फॅरनहाइट होतं, म्हणजे जवळजवळ उणे ७. तो हसला आणि बिनधास्त उणे ७ लाच घेऊन गेला. रात्रभर झोपला नाही. अनेक बॅगांवर ठळक छापलेला आकडा आरामाचा नसतो, कशीबशी रात्र निभेल त्या मर्यादेचा असतो. आतल्या पट्टीवर 'कम्फर्ट' बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते बघा.

पाण्याची बाटली उलटी ठेवतो. बर्फ वरच्या बाजूने धरतं, त्यामुळे झाकणाचं तोंड मोकळं राहतं. नळीवाली पाण्याची पिशवी घरीच ठेवा, सगळ्यात आधी नळी गोठते. बारीक नळ्यांच्या जाळीचा वॉटर फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला की गेला. आतून फाटतो, बाहेरून काहीच दिसत नाही.

खाण्यात मेतकूट-भात आणि तूप. तुपाची बाटली नेऊ नका, चमच्याने निघत नाही. घरूनच सुपारीएवढे गोळे करून डब्यात. चिक्की मात्र फसली. उणे २६ ला गुळाची चिक्की म्हणजे फरशी.

आणि धागाकर्ते दादा, फावड्याला नावं ठेवू नका. आम्हाला ते रोज लागतं, तंबूची जागा सपाट करायला. तुमचं फावडं चुकीच्या देशात होतं.

सातारा

मी ६९ वर्षांचा. आमच्या वेळी स्लीपिंग बॅग हा शब्दच ऐकला नव्हता. घोंगडी होती. अंथरायला तीच, पांघरायला तीच, पाऊस आला तर डोक्यावर खोळ करून तीच. ओली झाली तरी ऊब देते, शेकोटीची ठिणगी पडली तर नायलॉनसारखी वितळून भोक पडत नाही, फक्त केसांसारखा वास येतो. राजमाचीला, महिमानगडला अशा कितीतरी रात्री काढल्या.

पण खोटं कशाला सांगू, तिचं वजन. कोरडी असताना अडीच किलो, भिजली की गाढव. नातवाने मागच्या वर्षी मला त्याची बॅग दिली, एक किलोची. रात्री दोनदा उठावं लागतं माझ्या वयात, आणि ती झिप अंधारात सापडेना. घोंगडीला झिप नसते.

पुणे (दुसरी)

काकांनी विषय काढलाच आहे तर बायकांचंही लिहिते. रात्री उठायचा कंटाळा म्हणून संध्याकाळी पाणी बंद करणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. करू नका. अंगात पाणी कमी झालं की डोकं दुखतं, थंडीही जास्त वाजते. हेडटॉर्च गळ्यात अडकवून झोपा आणि जॅकेट उशाला.

पाळीचे दिवस असोत-नसोत, सामान न्यायचंच. उंचीवर आणि थंडीत तारखा पुढे-मागे होतात हे मी दोनदा अनुभवलंय. काळी जाड पिशवी, तिच्यात दुसरी झिपची, आणि जे वापरलं ते सगळं परत खाली आणायचं. बर्फात पुरलेलं काही नाहीसं होत नाही, मार्चमध्ये वर येतं. ओले वाइप्स गोठून त्यांची वीट होते. दोन-चार वेगळे करून आतल्या खिशात ठेवायचे, अंगाला लागून.

खोबरेल तेलाचं सांगू नये म्हटलं, पण डिसेंबरात ते पुण्यातही गोठतं, आणि तरी मी सांक्रीला बाटली घेऊन गेले होते.

ठाणे

चार पॉवर बँका नेल्या, फोन तरीही ३८ टक्क्यांवर बंद पडला. खिशात धरल्यावर पंधरा मिनिटांत परत चालू! बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. एक पॉवर बँक पुरे, ती मोज्यात घालून झोपताना जवळ. विमानात ती केबिन बॅगेतच ठेवा. हेडटॉर्चला लिथियमचे सेल घ्या, साधे अल्कलाइन थंडीत लगेच मंदावतात.

संभाजीनगर

मुलगा नऊ वर्षांचा. भंडारदऱ्याला तंबूत राहिलो, फार काही शौर्य नाही. पण त्याचा एक हातमोजा पहिल्याच तासात हरवला. सासूबाईंनी पुढच्या वेळी दोन्ही हातमोज्यांना लांब नाडी शिवली आणि ती जॅकेटच्या एका बाहीतून दुसऱ्या बाहीत ओवली. काढला तरी मोजा मनगटाला लोंबकळतो. आता मीही तसंच करते, चाळिशीत. लाजायचं काय त्यात?

मुलं "थंडी वाजतेय" सांगत नाहीत, खेळता खेळता एकदम गप्प होतात. मानेमागे हात घालून बघायचं. तिथे गार लागलं की खेळ बंद, गूळ-शेंगदाणे तोंडात आणि कोरडे मोजे.

पुणे (धागा काढणारा)

वाचून सॅक पुन्हा उपसली. फोमची मॅट आली, चार ब्रेडच्या पिशव्या आल्या, कॅनिस्टर डेहराडूनला घेणार. आणखी एक: गेटर (बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड), मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर चढवायचे खिळे), काठ्या सांक्रीतच भाड्याने मिळतात, विकत घ्यायची गरज नाही. मात्र मायक्रोस्पाइक घेताना दुकानातच बुटावर चढवून बघा. मला मिळाले ते एक माप मोठे होते, उतारावर सारखे निसटत होते.

मिनियापोलिसवाले दादा, फावडं पाठवलं असतं, पण सौ.ने काल गच्चीतल्या कुंड्यांसाठी नेलं.