जुनी स्पोर्ट एटीव्ही कमी पैशात उभी करताना : अनुभव धागा

करवीरकर
आपल्याकडं विकायला येणाऱ्या जुन्या एटीव्ही (कच्च्या रानात चालवायच्या, जाड टायरांच्या चारचाकी) बहुतेक दोन जातीच्या. एक, रिसॉर्टवर भाड्यानं फिरून दमलेल्या ११०-१२५ सीसीच्या चिनी बनावटीच्या. दुसऱ्या, क्वचित हाती लागणाऱ्या अस्सल स्पोर्ट गाड्या : होंडाची टीआरएक्स ४००ईएक्स, यामाहाची रॅप्टर. माझं मत स्पष्ट आहे. पैसा आधी चेसिस, एक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेकवर घालायचा, इंजिनावर नंतर. कोल्हापूरचं उद्यमनगर, म्हणजे लेथ-वर्कशॉपची वसाहत, हाताशी असताना इंजिन उभं करता येतं, वाकडी चेसिस मात्र शेवटपर्यंत पैसे खाते. बजेटचा निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलाय असं धरून बोलूया. ज्यांनी स्वतः गाडी खोललीय त्यांनी मापासकट लिहा.

रंकाळाकाठ
कागदांचं आधी. या गाड्यांना सहसा आरटीओ पासिंग नसतं, त्यामुळं सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाहीत. शेत, खासगी जागा किंवा ट्रॅक, एवढंच. मूळ बिल मागा, आणि बाहेरून आणलेली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची कागदंही. चेसिस आणि इंजिन नंबर ताडून बघा. नंबराच्या जागी ताजा रंग किंवा ग्राइंडरची खूण दिसली की परत फिरा. घरी आणायची ती छोटा हत्तीत घालून, पट्टे चेसिसला बांधून. आणि मसाई पठारावर घालायचा विचारही नको. तिथल्या पातळ मातीत पावसाळ्यानंतर फुलं येतात, चाकाखाली ती मातीच उखडते.

जॅक_आणि_वीट
बघायला जायच्या आधी मालकाला फोनवर सांगायचं, इंजिन तापवून ठेवू नको. थंड इंजिन किती किकात सुरू होतं आणि पहिल्या मिनिटात निळा धूर येतो का, हे तापल्यावर कळत नाही.

मग मागची बाजू जॅकवर घ्या. एका बाजूचं चाक काढा, विटेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याचं टोक एक्सलच्या शेवटाजवळ आणा आणि एक्सल हातानं सावकाश फिरवा. मधली फट कमीजास्त होत असेल तर एक्सल वाकलाय. असला एक्सल सरळ करून घेण्यात अर्थ नाही, पुन्हा वाकतो. चाक परत लावून वर-खाली ढकला. खडखड आली तर कॅरिअरची, म्हणजे एक्सल धरणाऱ्या हाउसिंगची, बेअरिंग गेली. पुढचं चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं की बॉल जॉइंट आणि ए-आर्मचे (चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश कळतात, ३ आणि ९ वर धरलं की टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे.

चेसिस ओल्या फडक्यानं पुसूनच बघा. ए-आर्म जिथं बसतात ते कान, फूटपेगचे ब्रॅकेट आणि स्विंग आर्मचा पिव्होट, या तीन ठिकाणी वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. तडा केसाएवढा असतो, पण त्यातून गंजाची तांबडी रेघ उतरते. आपल्या जांभ्याच्या मातीत ती रेघ बेमालूम लपते, म्हणून फडकं ओलं.

प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत किक मारा. ११० सीसीला १२० पीएसआयच्या खाली आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंग-बोअर झिजलेत, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह गळतोय. मोठ्या ४०० सीसी इंजिनात ऑटो डिकॉम्प्रेशन (सुरू करताना दाब थोडा सोडणारी सोय) असेल तर हा आकडा मुळातच कमी येतो. तिथं लीक-डाउन टेस्टवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघण्यावर, विश्वास ठेवा.

उद्यमनगर_टर्नर
बेअरिंग मॉडेलच्या नावानं मागू नका, त्यावरचा नंबर वाचा. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदी १५ मि.मी., कुठंही मिळतं. दोन्ही बाजूला रबर सील असलेलं, म्हणजे २आरएसच घ्या. पत्र्याच्या शील्डमधून चिखल आत जातो. हाउसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडा पडला की गोळ्यांच्या खुणा उमटतात आणि नवं बेअरिंग लगेच आवाज करायला लागतं.

ए-आर्मचे बुश गनमेटलमध्ये किंवा डेलरिनमध्ये (कडक प्लास्टिक) टर्न करून घेता येतात. आधी पिनेचं माप घ्या. पीन झिजून लंबगोल झाली असेल तर ती पण नवी करा, नाहीतर नवा बुश तिच्या आकारानं झिजतो.

पावडर कोटिंगला देताना बेअरिंगच्या बैठका, आटे आणि अर्थिंगची जागा झाकायला सांगा. हे न सांगितल्यानं गाडी जोडल्यावर स्पार्क येत नाही आणि माणसं सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलत बसतात. अर्थच्या बोल्टाखालचा रंग खरवडा आधी.

सव्वाशे_सीसी
११०-१२५ ला नवं अख्खं इंजिन मिळतं, मग सिलिंडर बोअर करायचा (आतून घासून मोठा करायचा) उद्योग कशाला?

उद्यमनगर_टर्नर
क्रँक बघून ठरवा. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढा. सरळ रेषेत जरासुद्धा खेळ लागला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, गेलं, मग नवं इंजिन परवडतं. आडवा थोडा खेळ चालतो. क्रँक ठीक असेल तर बोअर करा, पण आधी पिस्टन विकत घ्या आणि त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. उलटं करू नका. ०.२५, ०.५० मि.मी. असे ओव्हरसाइज पिस्टन येतात. रिंग बोअरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून टोकांची फट फिलर गेजनं बघा. ५२ मि.मी.च्या बोअरला साधारण ०.२ मि.मी. फट हवी. फारच कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि बोअरला ओरखडे पडतात.

टी_मार्क
गाडी थंड असताना सुरू होते, तापून बंद झाली की होत नाही, ही तक्रार बऱ्याचदा घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्हची असते. या लहान इंजिनांना थंडपणी ०.०५ मि.मी. फट ठेवतात. फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा आणि दोन्ही रॉकर सैल आहेत ना बघा. नसतील तर क्रँक अजून एक फेरा फिरवा.

वायरमन
एसी आणि डीसी सीडीआय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एसीला स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलकडून वीज मिळते, डीसीला बॅटरीकडून. स्पार्क नसेल तर सुरुवात किल स्विच आणि दोरीच्या स्विचपासून (दोरी ओढली की इंजिन बंद करणारा) करा. मोकळ्यावर ठेवलेल्या गाडीत तेच आधी गंजतात. चार्जिंग गाडी रेस केल्यावर १४ व्होल्टच्या आसपास हवं.

चारचाकी_चाकोरी
अपग्रेडचं विचाराल तर पहिला पैसा टायरवर, आणि त्याहून आधी लो-प्रेशर गेजवर. या टायरांना ३ ते ५ पीएसआय हवा लागते. पंपावरच्या गेजवर एवढा कमी आकडा नीट वाचताच येत नाही, म्हणून लोक १५ भरतात. मग गाडी ढेकळावर उड्या मारते आणि दोष शॉकला दिला जातो. बहुतेक स्पोर्ट एटीव्हीला मागं डिफरेन्शिअल नसतं, दोन्ही चाकं एकाच एक्सलवर जखडलेली. डाव्या-उजव्या टायरचा घेर वेगळा असेल तर गाडी एका बाजूला ओढतेच. टेपनं दोन्ही घेर मोजा, हवा कमीजास्त करून जुळवा.

टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत, ते बघायला पुढच्या दोन्ही टायरवर मधोमध खडूची खूण करा. एक्सलच्या उंचीला समोरून अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा ढकला, त्याच खुणा मागं आल्या की पुन्हा मोजा. समोरचं अंतर ३ ते ६ मि.मी. कमी असावं.

गिअरिंग सगळ्यात स्वस्त. ४००ईएक्सला मुळात १५/३८ असतं, म्हणजे पुढच्या चेन-चक्राला १५ आणि मागच्याला ३८ दात. पुढं १४ दाताचं लावलं की खेच सुमारे ७ टक्के वाढते, वरचा वेग तेवढाच उतरतो. उसाच्या रानात आणि चढावर हेच कामाचं. चेन माणूस बसवून ताणा. रिकाम्या गाडीवर घट्ट ताणलेली चेन सस्पेन्शन दबल्यावर आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते.

सव्वाशे_सीसी
सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावू का?

टी_मार्क
लावलास तर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक, वाढवावा लागेल, भावा. नुसता पाइप बदलून थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज आला आणि प्लग पांढरा पडला, तर मिश्रण पातळ झालंय. तसंच दामटलं की पिस्टन जातो. एकेक माप वाढवून प्लग विटकरी-तपकिरी येईपर्यंत बघ. आणि कापणीच्या दिवसांत उघडा फिल्टर नकोच, फोमचा ऑइल लावलेला चांगला.

रंकाळाकाठ
पावसाळ्यात गाडी उभी करणाऱ्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू ढिला करावा, पेट्रोल सगळं काढावं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, जुनी रबरी नळी मऊ करतं आणि पायलट जेट (मंद चालण्याचं बारीक भोक) बुजवतं. जेट तारेनं टोचू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा, बास. नळी बदलताना इथेनॉल चालणारी मागून घ्या.